कात, गेरू आणि निपाणीची शिंक

बेळगाव, रवि. ता. ४ मार्च १९३४
दिवाळीपासून वही उघडली नाही. माफी मागतो, कोणाची ते ठाऊक नाही. आळस नव्हता. ओठाशेजारचा पांढरा डाग गालावर पसरला आणि 'कोड' हा शब्द लिहायला हात धजेना. आज लिहिला. काही झाले नाही.

वैद्यांनी बावचीचे तेल लावून पाव तास उन्हात बसायला सांगितले. मी अर्धा तास बसलो. बी. ए. झालेला मास्तर, दुप्पट ऊन, दुप्पट गुण! गाल भाजला. सौ. म्हणाली, "वांगी अशीच भाजते मी."

बुध. ता. ७
थोरल्या कमलसाठी निपाणीचे स्थळ. मुलाचे वडील आप्पा, तंबाखूचे व्यापारी. रविवारी मला बोलणी करायला बोलावले आहे.

सौ.ने विड्यातला कात नि गेरू कालवून गालावर लावून पाहिला. डाग गायब! "लग्न ठरेतोवर गप्प बसा. खोटं कुठं बोलायचंय?"

खोटे नाही, पण... डॉ.नाही विचारले होते; ते म्हणतात, हे स्पर्शाने होत नाही. मुलांना होईल का, सांगता येत नाही. कोड म्हटले की लोक पोरीला नाकारतात. माझ्या खरेपणाची किंमत कमलने का द्यावी? ठरेना.

रवि. ता. ११, निपाणी
बोलणी घरी नव्हे, वखारीत. शेजारी तंबाखू चाळत होते. इथली माणसे त्या धुळीत खुशाल चहा पितात. मला शिंकांवर शिंका. उपरण्याने तोंड पुसले, तर उपरणे तांबडे.

आप्पा घाबरले. "मास्तर, रगत आलं काय?"

"नाही, कात आहे." मग शिंकत शिंकतच सगळे सांगितले. डॉ.ना जे सांगता येत नाही तेही.

आप्पा पोट धरून हसले. "अवं, कात पानाला लावायचा, गालाला न्हाय!" मग गंभीर झाले. "माझं काय न्हाय. पर आक्का, माझी थोरली भन, लई चिकित्सक. गुरुवारी तिला नि पोराला धाडतो. तिच्याम्होरं असंच बसा, बिनरंगाचं."

परतीच्या मोटारीत हलके वाटले. पण शिंक आली नसती तर बोललो असतो का? खात्री नाही.

बेळगाव, बुध. ता. १४
सौ.चा दोन दिवसांचा अबोला आज सुटला. उपरणे धुताना एकटीच हसत होती. आक्का काय म्हणतील याचा मात्र तिला घोर.

संध्याकाळी कमलला सारे सांगितले. ती शांतपणे म्हणाली, "अण्णा, आपलं सगळं सांगितलंत, बरं केलंत. त्यांच्याकडचं काय विचारलंत?"

काहीच नाही. मुलगा किती शिकला, प्रकृती कशी, स्वभाव कसा, काही नाही. माझ्या गालापलीकडे मला काही दिसलेच नव्हते.

उद्या : चहाआधी आक्कांना मुलाबद्दल विचारणे.