स्विस स्ट्रायकरला पोहे खायला घालून काढलं

ती. ओजसदादास,

मिशिगनमधल्या ट्रॉयच्या बर्फातून धाकट्या यतीनचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतोय? वहिनींची शुगर? इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत, फक्त माझा अपमान झाला आहे.

आमच्या मराठी मंडळाच्या फुटबॉल टीमला आम्ही रेटो नावाचा मॅनेजर आणला होता. स्वित्झर्लंडमधला एके काळचा नामांकित स्ट्रायकर. खेळणं सुटल्यावर तिथे दोन क्लबांचा मॅनेजर झाला, दोन्हीकडून हाकलला गेला आणि बायकोच्या नोकरीमागे मिशिगनला आला (तशी इथे निम्मी माणसं कुणाच्या तरी नोकरीमागेच येतात). मला वाटलं, जन्मभर गोल मारलेला माणूस, आम्हालाही शिकवेल. त्याने शिकवलं काय, तर मागे उभं राहायला! मी कॅप्टन, सेंटर फॉरवर्ड. मला त्याने आमच्याच गोलसमोर रोवलं. सीझनभर आम्ही एकही मॅच हरलो नाही आणि एकही जिंकलो नाही. सगळ्या शून्य-शून्य. बायकांनी मॅच बघायला येणं कॅन्सल केलं.

कमिटीने त्याला काढायचं ठरवलं आणि सांगायचं काम माझ्या गळ्यात घातलं (ठराव मीच मांडला होता, ते सोड). शनिवारी सकाळी त्याला घरी बोलावलं. तुझ्या भावजयीने, शुभाने पोहे केले. मी चाचरत सांगून टाकलं. तो शांतपणे खात राहिला, मग म्हणाला, "याआधी दोनदा काढलंय मला. पण नाश्ता कुणी दिला नव्हता." शुभाच्या डोळ्यांत पाणी. तिने त्याला आणखी पोहे वाढले. मला नाही.

मग मॅनेजर मीच झालो. अटॅक, अटॅक म्हणत ओळीने हरलो. आणि रेटोला शेजारच्या गावातल्या टीमने उचललं (सगळी कॉलेजातली पोरं, दादा). परवा त्यांनी आम्हाला सात गोल मारले. मॅच संपल्यावर मी तणतणत त्याच्याकडे गेलो. म्हटलं, "हे आम्हाला का नाही शिकवलंस?"

त्याने माझ्या पोटाकडे पाहिलं, मग पायांकडे.

"तुमच्या पायांत जेवढं होतं तेवढ्यात मी तुम्हाला हरू दिलं नाही," म्हणाला.

इतका उद्धट माणूस मी पाहिला नाही, दादा.

तुझा,
यतीन

ता. क. : तुमच्या नागपूरच्या फुटबॉल क्लबला मॅनेजर हवाय असं वहिनी फोनवर म्हणाल्या. रेटोचं नाव सुचव. माणूस उत्तम आहे, आणि नागपूर इथून लांब आहे.

ता. क. २ : तो तयार झाला, तर त्याला असिस्टंट म्हणून मी चालेन का, तेही विचार. माझं नाव तुलाच सुचलं असं सांग. नाही म्हणाला तर मला कळवू नकोस.