पंखा-२ कडून दार-१ ला

बुधवार, १८ तारीख

तीर्थरूप मामांना,

आधी घडलं ते क्रमाने देते.

१. शनिवार, १४ तारीख, सकाळी दहा ते दुपारी तीन : ऑफिसची मेल जुन्या सर्व्हरवरून क्लाउडवर नेली. कर्मचारी ४३.

२. सोमवार, १६ तारीख, सकाळी नऊ वाजून पाच मिनिटं : ४३ पैकी ३१ जणांसमोर भलत्याच कोणाची तरी पत्रं उघडली. चूक माझी.

३. मंगळवार, १७ तारीख, संध्याकाळी पाच : ज्याचं खातं त्याला परत दिलं. कोणी राजीनामा दिला नाही.

४. दोन खाती उरली, ज्यांचा मालक आज नोकरीत नाही. दार-१, म्हणजे तुमचं. पंखा-२, म्हणजे मामीचं.

५. तुमच्या खात्यात न उघडलेली २१२ पत्रं आहेत. सगळी मामीची.

६. शुक्रवार, २७ तारीख, दुपारी चार : जुना सर्व्हर कायमचा बंद होईल. त्यावर जे उरेल ते पुसलं जाईल.

आता नमस्कार. आईचं म्हणणं असं, की मोठ्या माणसाला लिहिताना आधी तब्येत विचारावी आणि मग कामाचं बोलावं. मी क्रम उलटा केला, कारण तुम्ही कुठल्याही पत्राचं पहिलं पान वाचून उरलेलं ‘सावकाश बघू’ म्हणून कपाटावर टाकता (मागच्या वर्षीची विम्याची तीन पत्रं मीच तिथून काढली होती). तर, गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करता, की करतो असं डॉक्टरांना सांगता? इकडे सगळं ठीक. आईचा रक्तदाब एकशे तीस, ऐंशी. कागदावर लिहितेय, कारण तुमचा मेलचा पत्ता एकच, तो दार-१, आणि त्यावर पाठवलं असतं तर ते न उघडलेलं २१३ वं झालं असतं. फोनचं म्हणाल तर सोमवारी दोनदा केला. ऑफिसचं नाव काढेपर्यंत तुम्हाला स्वच्छ ऐकू येत होतं, नाव काढल्यावर आवाज येईनासा झाला. दोन्ही वेळा.

आता चूक कशी झाली ते. तुम्ही सोळा वर्षांपूर्वी ही मेल बसवलीत तेव्हा खात्यांना माणसांची नावं दिली नाहीत, जागांची दिलीत. दार-१, खिडकी-३, जिना-२, पंखा-२. यामागचं तुमचं कारण मला तोंडपाठ आहे : माणसं बदलतात, टेबलं तिथेच असतात. हे वाक्य मी प्रशिक्षणात एकदा उदाहरण म्हणून सांगितलं होतं, तेव्हा वर्ग हसला होता आणि मी हसले नव्हते. नव्या यंत्रणेला मात्र जागा कळत नाही. तिला माणसाचं नाव, क्रमांक आणि जन्मतारीख लागते, मग ती कर्मचाऱ्यांच्या यादीशी प्रत्येक खातं जुळवून घेते आणि पुढे आपोआप जुळवत राहते. म्हणून शुक्रवारी मी वही घेऊन सगळ्या हॉलमध्ये फिरले आणि कोण कुठल्या टेबलाशी बसतं ते लिहून घेतलं. जो खिडकीतल्या तिसऱ्या टेबलाशी, त्याचं खातं खिडकी-३. सरळ काम.

तुमच्या सिद्धान्तात एवढंच राहून गेलं होतं, की टेबलंही हलतात. तुम्ही निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी रंगकाम निघालं. सगळी टेबलं मधोमध ओढून त्यांच्यावर चादरी टाकल्या. रंग वाळल्यावर ज्याला जी भिंत आवडली तिथे तो बसला. खाती मात्र ज्याची त्याच्यापाशी राहिली, आणि पासवर्ड प्रत्येकाच्या संगणकालाच पाठ असल्यामुळे आपल्या खात्याचं नाव काय हे गेल्या कित्येक वर्षांत कोणी वाचलेलंच नव्हतं. (माझं खातं नवीन-४. मी चार वर्षांपूर्वी आले, म्हणून हे मला कोणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. अहवालात दोन्ही लिहिलं आहे.) चाचणी मी केली होती, बरं का. टेलिफोन ऑपरेटरबाई, पहारेकरी आणि कोपऱ्यातले नकाशेवाले, या तिघांवर. तिन्ही खाती बिनचूक निघाली. ही तीन माणसं वीस वर्षांत जागची हललेली नाहीत, हे मला सोमवारी कळलं.

सोमवारी नऊ वाजता मला आरडाओरडा अपेक्षित होता. झाला नाही. नऊ वाजून वीस मिनिटांनीही हॉल शांत होता, आणि तेव्हा मला खरी काळजी वाटू लागली. उठून पाहिलं तर सगळे वाचत होते. जी पत्रं समोर आली ती आपली नाहीत हे प्रत्येकाला पहिल्या ओळीत कळलं होतं आणि तरी कोणी थांबलं नव्हतं. मी उभी राहून जाहीर केलं, की हा बिघाड आहे, कृपया खिडक्या बंद करा. नकाशेवाल्यांनी उठून काचेची खिडकी बंद केली. बाकी कोणी हललं नाही.

व्यवस्थापकांसमोर टंकलेखिकाबाईंची पत्रं उघडली होती, म्हणजे बारा वर्षं त्यांनीच बाईंना पाठवलेली. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून एक पत्र दाखवलं आणि विचारलं, की इतक्या उर्मट भाषेत लिहिणारा हा माणूस कोण? मी तळाची सही दाखवली. मग बाहेर येऊन त्यांनी बाईंना, सगळ्यांसमोर, आपण तेव्हा फारच कडक होतो का असं विचारलं. बाईंनी टाइप करणं न थांबवता उत्तर दिलं, “त्या वर्षी तुम्ही बरे होतात साहेब.”

भांडारपाल आणि जावक कारकून तुम्हाला आठवत असतील. तुम्ही होतात तेव्हाच त्यांचं बोलणं बंद झालं होतं, एका हातवाल्या खुर्चीवरून. (खुर्ची मागच्या वर्षी मोडली. दोघांनी वेगवेगळ्या वेळी येऊन तिच्याकडे पाहिलं.) रंगकामात दोघांच्या जागांची नकळत अदलाबदल झाली होती, त्यामुळे सोमवारी एकासमोर दुसऱ्याचं खातं. भांडारपालांना त्यात जावक कारकुनांनी व्यवस्थापकांना लिहिलेलं एक जुनं पत्र सापडलं. भांडारपालांची बदली दुसऱ्या शहरात निघाली होती त्या आठवड्यातलं. त्यात लिहिलं होतं, की या माणसाची आई अंथरुणाला खिळून आहे, तेव्हा बदली करायचीच तर माझी करा, आणि हे त्यांना कळता कामा नये, कारण आमचं बोलणं नाही. भांडारपाल साडेअकराला दोन कप चहा घेऊन जावकच्या टेबलापाशी उभे राहिले.

“चहा घेता का?”

“नऊ वर्षांनी विचारताय.”

“मग राहू द्या. निवला असेल.”

“ठेवा. मी निवलेलाच घेतो.”

एवढंच. मी नोंदवहीत ‘सकाळी ११.३०, कामकाज ठप्प’ असं लिहिलं, ते तसं खरंच होतं.

मला त्या दिवशी नेमून दिलेलं काम खाती परत जुळवण्याचं होतं, आणि त्यासाठी जुन्या सर्व्हरपाशी बसावं लागलं. जिन्याखालच्या त्याच कोठीत. आत अजून तुमची प्रत्येक वायर ओळखता येते. वायरीला गुंडाळलेली कागदी पट्टी, तीवर काळ्या शाईत ती कुठून कुठे जाते ते, आणि एका पट्टीवर नुसतं ‘हिला हात लावू नये’. मी आठ वर्षांची असताना शाळेला सुट्टी लागली की आई मला तुमच्याकडे सोडायची आणि तुम्ही मला या कोठीत स्टुलावर बसवायचात. रंगाच्या ब्रशने पंख्याच्या पात्यांवरची धूळ कशी झाडायची ते तुम्ही मला दाखवलंत. दोन दिवे हिरवे आणि एक लुकलुकणारा, म्हणजे कोणीतरी कोणाला तरी काही लिहितंय. मी तासभर त्या लुकलुकण्याकडे बघत बसायचे. पुढे मी जे शिकले त्यात मेलची याहून नेमकी व्याख्या मला कुठे मिळाली नाही. दुपारी मामी डोकावायची आणि पोरीला अंधारात कोंडून ठेवलंत म्हणून तुम्हाला बोलायची. तुम्ही दिव्याकडे बोट दाखवायचात. ती म्हणायची, हो, दिसला, चला आता जेवायला. नव्या व्यवस्थेत दिवा नाही. पडद्यावर एक आलेख आहे, तो चांगला आहे.

आता पंखा-२. पंख्याखालच्या दुसऱ्या टेबलाशी हल्ली मी बसते. तेव्हा माझ्याच नियमाप्रमाणे सोमवारी नऊ वाजून पाच मिनिटांनी माझ्यासमोर मामीचं खातं उघडलं. दुसऱ्याचं खातं उघडलं तर ताबडतोब बंद करायचं, हा नियम मीच लिहिला आहे. पण मामीची पत्रं लिहायची पद्धत तुम्हाला माहीत आहे. सगळा मजकूर विषयाच्या ओळीत, आत कोरं. पत्र उघडावंच लागत नाही, यादी दिसली की वाचून होतं. पडद्यावर बावीस ओळी मावतात. त्या सगळ्या दार-१ ला पाठवलेल्या होत्या, आणि यादीत सर्वांत नवं सर्वांत वर येतं. म्हणजे त्या बावीस ओळी तुम्ही निवृत्त झाल्यानंतरच्या होत्या. मामी पुढे अकरा महिने कामावर होती. दाराजवळचं टेबल रिकामं, तुम्ही घरी, आणि ती रोज जेवणाच्या सुट्टीत पूर्वीसारखंच तुम्हाला एक पत्र पाठवत होती. तुम्ही हे खातं आता उघडत नाही हे तिला माहीत होतं. संध्याकाळी ती तुम्हालाच भेटणार होती.

त्या बावीसांतली एकही ओळ मी इथे लिहीत नाही. त्या तुमच्या आहेत आणि तुम्ही अजून वाचलेल्या नाहीत. त्याआधीच्या, तुम्ही वाचलेल्या, दोन लिहायला हरकत नसावी. ‘हिशेबनिसांनी सदरा उलटा घातलाय, वर बघू नका, हसाल.’ आणि, ‘माझा डबा तुमच्या पिशवीत आहे, तुमचा माझ्याकडे होता, मी खाल्ला.’ या दोन्हींवर तुमचं उत्तर एकच शब्द आहे : ‘बरं.’ नऊ वर्षांत तुम्ही तिला १,९०४ उत्तरं पाठवलीत आणि त्यांतल्या १,८६० मध्ये हाच शब्द आहे. हे मी मोजलं नाही, यंत्राला मोजायला लावलं. दोघांच्या टेबलांमधलं अंतर मात्र मी स्वतः मोजलं. चौदा पावलं. त्यानंतर मी टेबलाचा खण उघडला आणि बंद केला. खणातलं काही हवं होतं असं नाही.

तर कामाचं असं. जुनं खातं नव्या जागी न्यायचं तर खातेधारकाने स्वतः ऑफिसात येऊन, यंत्रासमोर बसून, जुना पासवर्ड टाकावा लागतो. तुम्ही सहा वर्षांत या इमारतीची पायरी चढला नाहीत हे मला माहीत आहे. मामी गेल्यावर व्यवस्थापकांनी तीनदा बोलावलं, तिन्ही वेळा तुमचा गुडघा दुखत होता. यावेळी लिफ्ट चालू आहे. पासवर्ड आठवत नसेल तर काळजी नको, कोठीच्या दाराच्या आतल्या बाजूला तो तुम्हीच पेन्सिलने लिहून ठेवला आहे. (सुरक्षेच्या दृष्टीने यावर मला बोलायचं आहे, पण समक्ष.)

आईचा नमस्कार. व्यायाम करावा.

तुमची भाची

ता. क. वरच्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदातलं दुसरं वाक्य अचूक नाही. खातं न्यायला खातेधारक लागत नाही, पासवर्डही लागत नाही. एक आज्ञा पुरते आणि ती मी काल संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी दिली. तुमचं आणि मामीचं, दोन्ही खाती सुखरूप आहेत. न उघडलेली २१२ पत्रं न उघडलेलीच आहेत. शुक्रवारी काहीही पुसलं जाणार नाही, त्यामुळे वरचा मुद्दा क्रमांक सहा अर्धाच खरा धरावा. हे सगळं मी एका छोट्या पेटीत घालून तुमच्या घरी पाठवू शकते, पोस्टाने, रजिस्टर्ड.

ता. क. २. पण पाठवली तर तुम्ही ती कपाटावर ठेवाल. किंवा ठेवणार नाही, आणि एकटे बसून सगळी वाचाल. या दोन्हींपैकी मला काय अधिक नको आहे हे मी ठरवू शकले नाही. इथे चाळीस माणसं आहेत जी तिला ओळखत होती. त्यांना मी काही सांगितलेलं नाही. टंकलेखिकाबाईंना कुठून तरी कळलं, आणि दाराजवळच्या टेबलावरचं झेरॉक्सचं यंत्र आज दुपारी हलवलं गेलं. तिथे बसून वाचा. हवा तेवढा वेळ घ्या. कोणी वर बघणार नाही.

ता. क. ३. येणार की नाही ते मंगळवार, २४ तारखेला दुपारी चारपर्यंत कळवावं. फोन चालेल.