डाग असलेलं सफरचंद

बोरीवली
२० नोव्हेंबर १९८५

प्रिय फिलो,

कुवेतहून आलेलं तुझं पत्र मिळालं. नाताळसाठी रंगवायच्या पडद्याचं काम कुठवर आलं, असं तू विचारलंयस. तुझ्या पापांनी तुला हात दुखतो म्हणून कळवलं असेल. हात ठणठणीत आहे यार. यंदा पडदा होत नाहीये, आणि त्याला कारण मी आहे.

तुला माहितीये ना, शाळेत स्क्रिप्चरच्या परीक्षेत पहिली आल्याबद्दल मला बायबल बक्षीस मिळालं होतं. या दिवाळीच्या सुट्टीत ते अख्खं वाचलं, पेन्सिल घेऊन. आणि नेमकी त्याच आठवड्यात चर्चच्या हॉलमध्ये गेले. पापा पडद्यावर खडूनं आखत होते. ईव्हच्या हातात सफरचंद, योनाला गिळणारा व्हेल, मागे उंटांवर तीन राजे. मी सगळ्या पोरांसमोर सुरू झाले. अंकल, सफरचंद कुठेच लिहिलेलं नाही, नुसतं फळ आहे. व्हेल पण नाही, नुसता मोठा मासा. आणि पूर्वेकडून आलेले ते तीनच होते असंही नाही, राजे होते असंही नाही. पोरं खिदळली. मग चिकू काढा अंकल, म्हणाली. पापाही हसले. मग कंचा मासा काढू पोरी, घोळ की रावस, असं मला विचारलं. मी म्हटलं, नाव दिलेलं नाही. त्यांनी खडू खिशात टाकला, पडदा तिथेच गुंडाळून ठेवला आणि घरी गेले. परत आलेच नाहीत.

मी बोलले त्यात एक अक्षर चूक नव्हतं गं. त्याचाच मला माज होता.

आईला सांगितलं तर ती भाजी निवडायची थांबली. म्हणाली, तुला काय माहिती ते सफरचंद कुठलं ते. तुझी मम्मी हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा आईच घेऊन गेली होती, चार सफरचंदं. आपल्याकडे तेव्हा कोणी आजारी पडल्याशिवाय सफरचंद यायचं कुठे? मम्मीनं एक उशाशी ठेवलं, फिलो शाळेतून आली की तिला द्या म्हणून. तू यायच्या आत ती गेली. पापांनी ते कापलं नाही. सुकायच्या आत समोर ठेवून रंगवलं, आणि तेव्हापासून दरवर्षी तेच काढतात. डाव्या बाजूला तो तपकिरी ठिपका असतो बघ. मला वाटायचं ब्रश घसरलाय. त्या दिवशी मी तेही सांगणार होते, पोरं हसली म्हणून राहिलं.

तुला हे माहीत होतं का? मला कसं कोणी सांगितलं नाही?

काल मी स्टेशनजवळून एक सफरचंद घेतलं आणि पापांच्या टेबलावर ठेवलं. सॉरी म्हणायलाच गेले होते. त्यांनी ते हातात फिरवलं, डावी बाजू बघितली, आणि मला चहा करून दिला. पडद्याचं नाव काढलं तर म्हणाले, पुस्तकात नाही ते कशाला काढायचं.

माझं आता ते ऐकणार नाहीत, फिलो. तुझं ऐकतील. पत्राला जायला आठ-दहा दिवस, यायला तेवढेच, तरी नाताळला दोन आठवडे उरतात. त्यांना लिही की तुला यंदाही पडद्याचा फोटो हवाय, सफरचंदासकट. आणि डाग विसरू नका, असंही लिही. हॉलमधल्या पडद्यावरचं खडूचं आखलेलं मी पुसू दिलेलं नाही.

तुझीच,
शुभा