ताटात जागा झाल्याची खूण

आदरणीय पंजाबराव भाऊजी,

खुर्सीपारहून दौलतरावाचा नमस्कार. देवाच्या दयेने आम्ही सारे जिवंत आहोत. सुखरूप आहोत असे मात्र या घटकेला लिहवत नाही. ठकूताईचा खोकला कसा आहे? तुमचा गुडघा बरा झाला असेलच. (तो नेमका आमच्याकडच्या जेवणाच्या रविवारी सकाळी धरला आणि सोमवारी सुटला. सोमवारी तुमसरच्या बाजारात वांगी निवडताना आमच्या चिंधूने तुम्हाला पाहिले, आणि चिंधूला खोटे बोलता येत नाही.) फोन केला की तुम्ही "हॅलो, आवाज येत नाही" म्हणून ठेवून देता, म्हणून कागदावर लिहितो. कागदाला आवाज लागत नाही.

सोयरीक तुम्ही सुचवली. चंपतराव दुर्गचे, रेल्वेच्या सिग्नल खात्यातले, घर चांगले. त्यांच्या निखिलला आमची गुंजन आवडली, गुंजनला निखिल. राहिले होते ते फक्त आमच्याकडचे एक जेवण. त्या जेवणावरून मंडळी उपाशी उठून गेली आणि आता त्यांच्याकडून शब्द येत नाही. दोष सगळे मला देतात. म्हणून दोष कोणाचा, ते तुम्हीच ठरवा.

आमच्या रसमड्याच्या कारखान्यात क्रेनवरून काढून मला दोन वर्षांपूर्वी कॉम्प्युटरच्या खोलीत बसवले, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथे एका कपाटात नुसत्या डिस्का आहेत. काट्यावरचे वजन, कॅमेऱ्यांची चित्रे, सगळे त्यात साठते. हिशेब करणारी यंत्रे दुसऱ्या कपाटात. मध्ये काचेच्या तारा आणि एक स्विच. (मी रोज सकाळी उदबत्ती बाहेरच्या पायरीवर लावतो. आत लावली तर छतावरची धुराची घंटा वाजते, हे एकदा कळले आहे.) मागच्या महिन्यात त्याचे तीन दिवसांचे ट्रेनिंग झाले. शिकवायला रायपूरहून रीना मॅडम आल्या होत्या.

मॅडम म्हणाल्या, माल लहान लहान तुकडे करून पाठवतात. पण पाठवण्याआधी घेणारा सांगतो की माझ्याकडे इतके खण मोकळे आहेत. पाठवणारा तितकेच तुकडे पाठवतो आणि हात आवरून उभा राहतो. घेणाऱ्याचा एक खण रिकामा झाला की तो बारीकशी खूण करतो, जागा झाली म्हणून. मग एक तुकडा आणखी. खूण नाही तर तुकडा नाही. त्यामुळे काही सांडत नाही, काही वाया जात नाही. भाऊजी, खरे सांगतो, माझे डोळे भरून आले. आयुष्यभर पंगतीत मी वाढप केले. "घ्या हो, घ्या हो" करत भरल्या पानावर वाढायचे आणि मग तेच अन्न गाईपुढे टाकायचे, हे पाप मी हाताने केले आहे. आणि इथे लोखंडाच्या पेटीला अन्नाचा धर्म कळतो!

मी ठरवले, चंपतरावांची पंगत अशीच वाढायची. पुरणपोळी, तूप, पातोडीचा रस्सा, कढी, भात. बसण्याआधी मी हात जोडून सर्वांना नीट समजावले: आमच्याकडे आग्रहाचा त्रास नाही, ताटात जागा झाली की बोट टेकवा, लगेच वाढतो. त्यांनी माना डोलावल्या. पहिल्या वाढपात दोन-दोन पोळ्या दिल्या. तिसरी घेऊन चंपतरावांपुढे गेलो, तर त्यांनी ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाले, "पुरे, पुरे." मी थांबलो. मोठ्या माणसाचा शब्द मानायचा नाही तर काय करायचे?

त्यानंतर जे झाले ते बघायला तुम्ही हवे होतात. (गुडघा!) सात माणसे रिकाम्या ताटांपुढे बसलेली. मी पोळ्यांची परात घेऊन समोर उभा. ते माझ्याकडे बघून हसतात, मी त्यांच्याकडे बघून हसतो. कोणी बोट टेकवत नाही. घड्याळात दहा मिनिटे गेली. मनकर्णा दारातून डोळे मोठे करत होती, शेवटी पदराआडून म्हणाली, "अहो, कावून थांबले? वाढा न! पावन्याले मागाले लावून राहिले का तुम्ही?" मी म्हटले, "खूण आली नाही." तिने कपाळावर हात मारला. तितक्यात चंपतरावांनी आचवायला पाणी मागितले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून निरोप आला: "पोरगी लाखात एक हाये, पन त्या घरी आमाले तिसऱ्या पोळीचा आग्रह कोनी केला नाई."

सांगा भाऊजी! पोट त्यांचे, ताट त्यांचे, बोट त्यांचे, आणि अपराध माझा? तीस वर्षे गाड्यांना सिग्नल दिलेल्या माणसाला माझ्या घरी एक बोट टेकवता येऊ नये? पुरे म्हणायचे आणि पुरे झाले नाही म्हणून रुसायचे, हा कुठला न्याय? आमचा डिस्कांचा डबा कधी लाजत नाही. चंपतरावांच्या जागी तो डबा सोयरा असता तर आज लग्नाच्या पत्रिका छापून आल्या असत्या.

गुंजन तेव्हापासून माझ्या ताटात पहिल्याच वेळी सहा पोळ्या ठेवते आणि निघून जाते.

ताईला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुमचा,
दौलतराव

ता. क. : एक गोष्ट लपवणार नाही. ट्रेनिंगच्या तिसऱ्या दिवशी मी रजेवर होतो, याच जेवणाची हरभऱ्याची डाळ आणायला. त्या दिवशीचे काल मॅडमना फोनवर विचारले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, खुणा वाटेत हरवतात कधी कधी. मग दोन्हीकडे दिवे लागलेले दिसतात, पण माल हलत नाही, दोघेही वाट बघत बसतात. त्यावर उपाय आहे: पाठवणाऱ्यानेच पुढे होऊन मागचे सगळे पुसायचे आणि पहिल्यापासून सुरू करायचे. म्हणून विनंती, तुम्ही दुर्गला जाऊन चंपतरावांना पुन्हा जेवायला घेऊन या. या वेळी परात तुमच्या हातात. ते ओरडेपर्यंत वाढा. मी पाणी वाढीन.

ता. क. २ : या पत्राची पोच द्या. आमच्या तारांवर बिनपोचेची सेवाच जास्त चालते असे मॅडम म्हणतात, पण तुम्ही तार नाही, जावई आहात.

ता. क. ३ : पाकीट बंद करता करता मनकर्णेने सांगितले. त्या रविवारी संध्याकाळी निखिल उपाशीच सिविक सेंटरच्या बाजारात गेला आणि फोन करून गुंजनला बोलावून घेतले. दोघांनी गुपचुप, म्हणजे तुमच्याकडची पाणीपुरी, खाल्ले. एकट्या त्याने बावीस. तेव्हापासून रोज भेटतात. आता बघा भाऊजी, गुपचुपवाला काय करतो? हातातला पानाचा दोना रिकामा झाला की पुढचा देतो, त्याआधी नाही. म्हणजे तत्त्व माझे बरोबरच होते. हे चंपतरावांना सांगू नका. गुडघा सांभाळून या.