नितळ नमुने

१२ जुलै १९४१, वैशाखरे

पुन्हा हिवताप! कोयनेलच्या गोळ्यांनी कान वाजताहेत. कचेरीचा हुकूम असा — रोज सकाळी नदीच्या मध्यावर जाऊन बाटली स्वतः भरायची, पाणी गाळायचं, कागदावर राहील ती माती वाळवून तोलायची. इथे धरण होणार की नाही, ते या मातीवर ठरणार म्हणे. मला उठवत नाही. आजपासून रोज काठावरच्या कुंडलिकला पाठवायचं ठरवलं. पुरातही पोहतो गडी. हुकुमात 'स्वतः' आहे — असू दे.

२७ जुलै

नदी लालबुंद. तरी कागदावर चिमूटभर माती! नवल आहे. कुंडलिकला विचारायला हवं. अंगात त्राण नाही. आकडा लिहून टाकला.

५ ऑगस्ट

ताप.

३० सप्टेंबर

आकडे गेले. सुटलो एकदाचा.

१८ ऑक्टोबर

कचेरी खूश. 'नदीत गाळ अत्यल्प. जागा उत्तम.' कालपासून माणसं खुंट्या ठोकताहेत. पाणी कुठवर चढेल त्या खुंट्या. कुंडलिकचं घर आणि दोन्ही खाचरं त्याच्या आत.

संध्याकाळी तो आला. "भाऊसाहेब, आमची जमीन का बुडवताव?" मी सांगितलं — पाणी धावतं तोवर माती वाहून नेतं, थांबलं की खाली टाकतं. धरणात ते थांबणारच. नदी गढूळ असती तर चार-दोन वर्षांत तळं गाळाने भरलं असतं, मग इथे कुणी बांधलं नसतं. पण तुझी नदी निघाली नितळ!

तो म्हणाला, "नितळ? आवो, घागर आणून निवळीची बी घासून ठेवायची माजी बायकू भिमी. माती बसली का वरचं पानी बाटलीत. गढूळ पानी सायबाला कसं द्याचं? पावन्याला तरी देतो का आमी?"

अडीच महिने! रोज!

रागवावं कुणावर? त्याने माझा मान राखला. मी अंथरुणात पडून राहिलो.

१९ ऑक्टोबर

नदीवर गेलो, स्वतः. आता उपयोग काय! पूर ओसरला, तळाचे गोटे दिसतात. खरं कळवावं तर नोकरी जाते. घरी आईचं औषध आहे, धाकटीचं लग्न आहे. कुंडलिकला म्हटलं, "पुरावा काय देऊ? ती माती तरी कुठे आहे?" तो म्हणाला, "भिमीनं चुलीला लिंपली. चांगली चिकन व्हती."

लाज वाटते. दमलोय. पत्र लिहिलेलं नाही.

२१ ऑक्टोबर

सकाळी भिमी आली. ओच्यातून चुलीची ढेकळं माझ्या टेबलावर ओतली. काळी, अजून कोमट.

"तोला, भाऊसाहेब."

माझा काटा तोळ्या-माशांचा. एक ढेकूळही पेलेना. तिच्या घरी आज चूल पेटायची नाही.

पत्र लिहिलं. पहिली ओळ — 'नमुने मी स्वतः घेतलेले नाहीत.'