टोकियो-मुंबईचा तक्ता

१६ फेब्रुवारी १९९२, रविवार
तक्ता पुरा झाला! टोकियो आणि मुंबई — दोन्ही शेअर बाजारांत १९८० पासून दर वर्षी किती रकमेची खरेदी-विक्री झाली ते. येन, रुपये, सगळं डॉलरमध्ये केलं. तरी एका मापात मुंबईची रेघ तळाला चिकटली, दिसेचना. म्हणून तिला वेगळं माप दिलं. टोकियो निळी, मुंबई लाल. निळी शिखरावरून उतरते आहे. लाल चढते आहे.

१ मार्च
तारापूरच्या कामगार वाचनालयात तक्ता लावून बोललो. आमच्या गिरणीतले चाळीसेक जण आले होते. उलाढाल वाढली म्हणजे कारखाने वाढले असं नाही, तेच कागद जास्त वेळा विकले जातात — एवढंच सांगायचं होतं. त्याआधीच रामकिसन उठला. बोईसर स्टेशनजवळ त्याचं शेअरदलालीचं दुकान आहे. म्हणाला, "जपान कुठवर गेलं बघा. आपल्याला अजून तेवढं चढायचंय." टाळ्या. दोन्ही रेघांची मापं वेगळी आहेत, हे मी सांगितलं — पण बसूनच, हळू आवाजात. तेवढ्यात चहा आला.

८ मार्च
रामकिसनने तक्ता मागून नेला. दुकानात लावणार म्हणे. मी नाही म्हटलं नाही.

२९ मार्च
बाजारात राहीबाई भेटल्या. आमच्या खात्यातला शिवाजी गेल्या वर्षी वारला, त्याची बायको. हल्ली कामगारांना डबे देतात. शिवाजीच्या फंडातून जवळच्या पाम गावात खोली घ्यायची होती. ती रक्कम शेअरमध्ये घातली म्हणाल्या. एकीच्या दोन खोल्या होतील असं रामकिसनने सांगितलंय.
"तुमचा तक्ता बघूनच घातले, भाऊ."
कुठल्या कंपनीचे, विचारलं. नाव त्यांना सांगता येईना.

२८ एप्रिल
मुंबईचा बाजार कोसळला.

३ मे
रामकिसनच्या दुकानाला कुलूप. राहीबाईंकडे जायला निघालो होतो. अर्ध्या वाटेवरून परतलो.

१४ जून
सकाळीच राहीबाई दारात. शेअरचे कागद कंपनीकडून परत आलेले, सोबत इंग्रजी पत्र. वाचून सांगितलं — विकणाऱ्याची सही जुळत नाही. त्याने पुन्हा सही केल्याशिवाय शेअर तुमच्या नावावर होणार नाहीत.
मग सोबतच्या शेअर नावावर करायच्या फॉर्मवर विकणाऱ्याचं नाव पाहिलं.
१७ मार्चला मी रामकिसनच्या दुकानात जाऊन माझ्याकडचे सगळे शेअर विकून आलो होतो. टोकियोची रेघ कशी वळली ते मी रोज बघत होतो. त्या दिवशीची नोंद इथेही केली नाही. कोणाला सांगितलं तर नाहीच.
"कोण हाय तो?" राहीबाईंनी विचारलं. "त्याला गाठू."
"मीच."
राहीबाई सावकाश म्हणाल्या, "म्हंजी तुमाला ठावं होतं."
हो म्हटलं.

१५ जून
सही केली नाही. त्यांनी घातलेली सगळी रक्कम बँकेतून काढून नेऊन दिली. शेअर पुन्हा माझे झाले. राहीबाईंनी पैसे दारातच घेतले. आत या म्हणाल्या नाहीत.