आरशातली टेकडी

ती. ताईंना,
वाकून नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? इकडे सगळे मजेत, म्हणजे तुमचे बंधुराज घोरतात आणि मी थरथरते.

बाबा चार दिवसांसाठी तुमच्याकडे आले आणि इथे माझी साडेसाती सुरू झाली. चाळीस वर्षं लोकांच्या चष्म्यांची भिंगं घासून त्यांची हौस भागली नाही, म्हणून गेली दोन वर्षं मागच्या खोलीत दुर्बिणीचा आरसा घासणं चाललंय हे तुम्हाला ठाऊकच आहे. पिंपावर ताटाएवढी रुंद, जाडजूड काच, आणि तिच्याभोवती फिरत फिरत बाबा (कधी कधी जेवायला हाक मारली तरी दोन फेऱ्या करूनच येतात). जाताना मला बजावलं, धूळ झटक, आरशाला हात लावू नकोस, आणि लावलासच तर पुढे दोन तास त्याच्याकडे बघू नकोस. हे शेवटचं मला आपलं फणकाऱ्यानं म्हटल्यासारखं वाटलं.

सोमवारी दुपारी धूळ झटकताना आरसा स्टँडवरून घसरतोय असं वाटलं, म्हणून मी दोन्ही तळवे त्याच्या मधोमध दाबून धरले. चांगली पाच मिनिटं, कारण सोडायची हिंमत होईना. मग म्हटलं, काही बिघडलं तर नाही ना, बघून तर घेऊ. तपासायची रीत मला पाठ आहे (दिवा नेहमी मीच धरते). खिडकीला घोंगडी लावायची, आठ फुटांवर बारीक भोकाचा दिवा, शेजारी दाढीचं पातं, आणि पात्याआडून एक डोळा. पातं सरकवलं की आरशावर सावल्या पडतात आणि केसाच्या हजाराव्या भागाएवढा उंचवटाही दिसतो. मला तर चक्क टेकडी दिसली. बरोब्बर मधोमध!

वाटलं, मीच दाबून केली की काय! पण ती मी केलेली असणं शक्यच नव्हतं, काच म्हणजे काही कणीक नव्हे. म्हणजे बाबांच्या नजरेतून सुटली असणार! सासऱ्यांची चूक सुनेनं गुपचूप निस्तरायची, असा योग जन्मात एकदा येतो. मी बाबांची काच घासायची डांबराची गादी घेतली, त्यांची पॉलिशची लाल पावडर कालवली आणि अर्धा तास टेकडी घासली. हात लाल, नाक लाल, पदर लाल. स्वयंपाक उरकून दोन तासांनी बघते तर टेकडीच्या जागी खड्डा! ताई, ती टेकडी माझ्या तळव्यांच्या उबेची होती हो. उबेनं काच फुगली होती, गार झाल्यावर आपोआप बसली असती. मी शहाणीनं चांगली काच घासून काढली.

तेव्हापासून दाराची बेल वाजली की हातातलं भांडं पडतंय. तुमच्या बंधुराजांना सांगितलं, तर "मी यात नाही" म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला. दोन वर्षांचं काम अर्ध्या तासात मातीत घातलं, आता बाबांना तोंड कसं दाखवू? तुमच्या पाया पडते, काहीही थाप मारा, पण त्यांना आणखी आठ दिवस ठेवून घ्या. मुलांना आशीर्वाद.

तुमची,
भेदरलेली वहिनी

ता. क. पत्र पेटीत पडायच्या आत बाबाच दारात हजर! चपलांसकट मागच्या खोलीत गेले आणि दिवा धरायला मला हाक मारली. मी दिवा दोन्ही हातांनी घट्ट धरला. बाबा पाच मिनिटं पात्याआडून बघत बसले. मग उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "सूनबाई, झाला आरसा. कुठे म्हणून खोट नाही." सुटले बाई! मी लागोपाठ दोन कप चहा प्यायले.

दुसरा ता. क. बाबा फिरायला गेल्यावर राहवेना, म्हणून मी पुन्हा पाहिलं. खड्डा आहे तिथेच आहे. मला दिसतो, आणि त्यांना दिसला नाही. ताई, आता मला खरी भीती वाटतेय. मिळेल त्या गाडीनं या आणि त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. मला काय धाड भरलीय म्हणून तुम्हाला झटकून टाकतील, तेव्हा त्यांना खड्ड्याचं सांगा. कुणी पाडला तेही सांगा, त्याशिवाय त्यांना पटायचं नाही. मी घरातच आहे.